उन्हात उभी केलेली रयत : करवसुलीतल्या वागणुकीचा इतिहास

करखात्यातल्या हिशेबतपासनिसांना 'सॉफ्ट स्किल्स' शिकवायला हवीत, अशी चर्चा अलीकडे वरचेवर कानावर येते. करदात्याशी कसं बोलावं, त्याचं म्हणणं कसं ऐकून घ्यावं, त्याचा राग कसा शांत करावा, अशा विषयांवर प्रशिक्षणं होतात. माझ्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "गोड बोलून काय, पैसे तर तेवढेच मागणार ना?"

त्याच्या हसण्यात तथ्य आहे. पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. करवसूल करणाऱ्यानं रयतेशी कसं वागावं हा प्रश्न आजच्या व्यवस्थापनशास्त्रानं शोधून काढलेला नाही. तो किमान चौदाशे वर्षं जुना आहे आणि इस्लामी राज्यशास्त्रात त्यावर बरंच सविस्तर लिहिलं गेलंय. आपल्या दख्खनच्या मातीतही त्याचे धडे गिरवले गेले आणि विसरलेही गेले. त्या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याला खरा हिशेब हवा आहे, त्याला आधी समोरच्याची भीती काढावी लागते. आणि ही भीती नुसत्या गोड बोलण्यानं जात नाही.

बगदादच्या काजीचं पत्र

अब्बासी खलिफा हारून रशीद (कारकीर्द इ.स. ७८६ ते ८०९) यानं आपल्या मुख्य काजीला करव्यवस्थेबद्दल काही प्रश्न विचारले. हा काजी म्हणजे इमाम अबू हनिफांचे शिष्य अबू युसूफ. कूफ्यात जन्मलेले, इ.स. ७९८मध्ये वारलेले. त्यांनी खलिफाला दिलेलं उत्तर म्हणजेच 'किताबुल खराज' हा ग्रंथ. त्यात जमिनीचा सारा, उशर, जकात, जिझिया, कालवे अशा अनेक विषयांची चर्चा आहे. पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वसुली अंमलदाराच्या म्हणजे आमिलाच्या वर्तनाचा भाग.

अबू युसूफ खलिफाला बजावतात की या कामावर विश्वासू, कायदा जाणणारा आणि लोकांची अब्रू राखणारा माणूसच नेमावा. कराचा मक्ता कुणालाही देऊ नये, कारण मक्तेदार आपले पैसे वसूल करण्यासाठी शेतकऱ्याला पिळून काढतो आणि शेवटी गाव ओसाड पडतं. पीक तयार झाल्यावर मोजणी रेंगाळत ठेवू नये, कारण खळ्यात पडून राहिलेल्या धान्याचं नुकसान शेतकऱ्याला सोसावं लागतं. मोजणाऱ्याची मजुरी, कागदाची किंमत, शिपायाचा भत्ता करदात्याच्या माथी मारू नये. आमिलासोबत जाणाऱ्या शिपायांना पगार सरकारातून मिळावा. आणि थकबाकीसाठी कुणाला मारू नये, उन्हात उभं करू नये, गळ्यात ओझं अडकवू नये.

उन्हात उभं करण्याचा उल्लेख सहज आलेला नाही. शाम प्रांतात काही बिगर-मुस्लिम शेतकऱ्यांना करासाठी उन्हात उभं केलेलं पाहून सहाबी हिशाम बिन हकीम थबकले होते. जे लोक या जगात माणसांना यातना देतात त्यांना अल्लाह शिक्षा करील, हे प्रेषित मुहंमद (स.) यांचं वचन त्यांनी तिथल्या अंमलदाराला ऐकवलं आणि त्या शेतकऱ्यांची सुटका झाली. 'सहीह मुस्लिम'मध्ये ही नोंद आहे. म्हणजे इस्लामी राज्याच्या पहिल्या पिढीतच अंमलदार रयतेला उन्हात उभे करत होते आणि त्याच पिढीत त्यांना टोकणारेही होते. अबू युसूफना दीडशे वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा लिहावी लागली, यावरून रोग किती चिवट होता ते कळतं.

हजरत अलींची दोन तऱ्हांची ताकीद

'किताबुल खराज'मध्ये एक प्रसंग आहे. हजरत अलींनी सकीफ कबिल्यातल्या एका माणसाला इराकातल्या उकबरा भागावर वसुलीसाठी नेमलं. निघताना तिथल्या लोकांसमोर त्याला सांगितलं की पूर्ण वसुली कर, ढिलाई दाखवू नकोस. मग दुपारी एकांतात बोलावून वेगळंच सांगितलं. लोकांसमोर कडक बोलणं भाग होतं. पण तिथे गेल्यावर त्यांचे उन्हाळ्या-हिवाळ्याचे कपडे विकायला लावू नकोस, खाण्याचं धान्य आणि कामाचं जनावर घेऊ नकोस, एका दिरहमासाठी कुणाला चाबूक मारू नकोस, कुणाला उभं करून ठेवू नकोस. लोकांच्या गरजेपेक्षा जे जास्त आहे तेवढंच घ्यायचा आपल्याला हुकूम आहे.

त्या माणसानं साधा व्यवहारी प्रश्न विचारला. असं वागलो तर मी जसा रिकामा चाललोय तसाच रिकामा परत येईन. हजरत अलींनी सांगितलं, आलास तरी चालेल. तो माणूस पुढे सांगतो की मी तसाच वागलो आणि वसुलीत काहीही कमी पडलं नाही.

या हकिकतीतला तो प्रश्न आजच्या प्रत्येक कर अधिकाऱ्याच्या मनात असतो. 'टार्गेट' कसं पूर्ण होणार? वरिष्ठाचं उत्तर महत्त्वाचं आहे. त्यानं अंमलदाराला रिकाम्या हातानं परतण्याची मुभा दिली. ही मुभा नसेल तर खालच्या माणसाच्या सभ्यतेला फार काळ टिकता येत नाही.

'नहजुल बलाग़ा' हा हजरत अलींची प्रवचनं आणि पत्रं एकत्र करणारा संग्रह शरीफ रजी यांनी इ.स. १०१०च्या सुमारास सिद्ध केला. त्यात जकात गोळा करणाऱ्यांसाठी एक सूचनापत्र आहे. हिशेबतपासनिसाला आजही ते उपयोगी पडावं. वस्तीवर गेल्यावर लोकांच्या घरात शिरू नये, पाणवठ्यापाशी उतरावं. शांतपणे जाऊन सलाम करावा, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगावं. तुमच्याकडे काही देणं निघतं का, असं विचारावं. कुणी नाही म्हणालं तर पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. हो म्हणालं तर न घाबरवता त्याच्यासोबत जावं. जनावरांच्या कळपात परवानगीशिवाय घुसू नये, कारण त्यातली बहुतेक जनावरं त्याचीच असतात. कळपाचे दोन भाग करून एक भाग त्याला निवडू द्यावा, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करावेत, असं करत सरकारी हिस्सा वेगळा काढावा. शेवटी त्याला वाटलं की वाटणी नीट झाली नाही, तर सगळं परत एकत्र करून नव्यानं सुरुवात करावी.

इथे सौजन्य आणि हिशेबाची पद्धत एकमेकांत मिसळलेली आहेत. निवड करदात्याच्या हाती आहे, तरी राज्याचा हिस्सा बुडत नाही.

तपासनिसावर तपासनीस

पण नुसत्या उपदेशावर हे लोक विसंबून नव्हते. हजरत उमर यांनी इराकच्या जमिनीची मोजणी करवून घेतली, तेव्हा उस्मान बिन हुनैफ आणि हुजैफा बिन यमान या अधिकाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं की तुम्ही जमिनीवर तिला पेलवणार नाही असं ओझं तर नाही ना टाकलं. अबू युसूफ सांगतात की इराकातून महसूल आला की कूफ्याची दहा आणि बसऱ्याची दहा माणसं हजरत उमरसमोर येत. हा पैसा कुणा मुसलमानावर किंवा बिगर-मुसलमान रयतेवर जुलूम करून आणलेला नाही, अशी साक्ष ती शपथेवर देत.

प्रेषितांच्या हयातीतलाही एक प्रसंग हदीस ग्रंथांत आहे. जकात गोळा करून आलेला एक अंमलदार म्हणाला की हे तुमचं आणि हे मला भेट मिळालेलं. तेव्हा प्रेषितांनी (स.) जाहीरपणे विचारलं की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट चालत आली असती का. अधिकाऱ्याला मिळणारा गोडवा बहुतेक वेळा त्याच्या खुर्चीला मिळालेला असतो, हे यातून कळावं.

अबू युसूफ यांनी हारून रशीदला सांगितलं की अंमलदारांच्या वागण्याची चौकशी करायला स्वतंत्र माणसं पाठव आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी स्वतः तक्रारी ऐकायला बस. तू बसतोस ही बातमी पसरली तरी दूरचा जुलमी अंमलदार हात आखडता घेईल. त्याचबरोबर सारा आकारण्याची पद्धतच बदलायलाही त्यांनी सुचवलं. ठरावीक रकमेऐवजी पिकाचा हिस्सा घ्यावा. पाटाच्या पाण्यावर आलेल्या गहू-बार्लीचे दोन पंचमांश आणि मोटेसारख्या साधनानं पाणी उपसून पिकवलेल्याचे तीन दशांश. ज्याला पाण्यासाठी जास्त कष्ट पडतात त्याच्याकडून कमी. वागणूक, देखरेख आणि आकारणी या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या होत्या.

मोजमाप अचूक, माणूस बेफाम

या तिन्हींतली एकच सुधारली तर काय होतं, याचं उदाहरण अकबराच्या हिंदुस्थानात सापडतं. १५७४-७५मध्ये बादशाहानं खालसा जमिनीचे एक कोटी टंके उत्पन्नाचे भाग पाडून त्यावर करोडी नावाचे अधिकारी नेमले. मोजणीसाठी ओलीनं आखडणाऱ्या तागाच्या दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्या आल्या. मोजमाप सुधारलं, यात शंका नाही. पण बदायुनीनं लिहून ठेवलंय की करोडींच्या हावरटपणामुळे मुलूख उजाड झाला, रयतेच्या बायकामुलांची विक्री झाली. पुढे हिशेबाची वेळ आली तेव्हा राजा तोडरमलाच्या दफ्तरात त्याच करोडींना कोंडून, छळून पैसे वसूल करण्यात आले आणि त्यात अनेकजण मेले. बदायुनी अकबराचा कडवा टीकाकार होता, त्यामुळे त्याची भाषा थोडी सावरून वाचावी लागते. पण साखळी समजण्याजोगी आहे. तपासनीस करोडीला छळतो, करोडी रयतेला छळतो.

पुढे १५८५मध्ये फतहुल्ला शिराजीला अमीनुल मुल्क नेमून अंमलदारांच्या जुन्या, गुंतलेल्या हिशेबांचा निकाल लावायला सांगण्यात आलं. हा गणिती विद्वान अकबराकडे आला तो आपल्या विजापूरच्या आदिलशाही दरबारातून. आणि दहा वर्षांनी अबुल फजलनं 'आईने अकबरी'त अमलगुजारासाठी नियम लिहिले, तेव्हा सूर बदललेला दिसतो. अमलगुजार हा शेतकऱ्याचा मित्र असावा. त्यानं अशा जागी बसावं की मध्यस्थाशिवाय कुणालाही भेटता यावं. गरजूला तगाई द्यावी आणि ती हळूहळू परत घ्यावी. वसुली सलोख्यानं करावी, हंगामाआधी हात पसरू नये.

औरंगजेबानं १६६५मध्ये रसिकदास करोडीला पाठवलेल्या फर्मानातही गावोगावची आणि शेतकऱ्यागणिक माहिती घ्यायला, साधन नसलेल्याला तगाई द्यायला सांगितलंय. पण याच बादशाहानं १६७९मध्ये जिझिया पुन्हा लावला. दिल्लीत त्याविरोधात गाऱ्हाणं घेऊन जमलेल्या गर्दीवर हत्ती घातले गेल्याचं खाफीखान सांगतो. मुस्लिम राजवटींची बाजू मांडताना आपण फर्मान तेवढं दाखवतो, विरोधक तेवढे हत्ती दाखवतात. प्रामाणिक वाचकानं दोन्ही पाहायला हवं. जिझिया देणाऱ्याला वसुलीच्या वेळी अपमानित करावं असं लिहिणारे काही फकीह होते. अशा विधीला कसलाही आधार नाही, असं ठणकावणारे तेराव्या शतकातले इमाम नववीही होते. राज्यकर्त्यानं कुणाचं ऐकायचं हे त्यानं निवडलं आणि त्या निवडीची जबाबदारीही त्याचीच.

दख्खनचा धडा

आपल्याकडे निजामशाहीत मलिक अंबरनं (मृत्यू १६२६) सारामक्त्याची पद्धत मोडून पाटील आणि गावाशी थेट व्यवहार ठेवला, म्हणून त्याचं नाव मराठी मुलखात शेतसाऱ्याच्या संदर्भात दीर्घकाळ घेतलं गेलं. छत्रपती शिवाजी महाराजांनी सप्टेंबर १६७६मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कुणाकडे माणूसबळ आहे, बैल आहेत, दाणा आहे ते पाहा. ज्याच्याकडे नाही त्याला बैलांसाठी पैसे दे, पोटाला धान्य दे, आणि नंतर त्याला झेपेल तसं फक्त मुद्दल घे, वाढीदिडी नको. त्यासाठी दोन लाख लारींपर्यंत खर्च मान्य करण्याची तयारी त्यात आहे. अधिकाऱ्यानं दारी जाऊन विचारपूस करायची आणि त्यासाठी तिजोरी मागे उभी राहील, ही या पत्राची ताकद. फारसी फर्मानातली तगाई आणि मोडीतल्या या पत्राची भाषा एकमेकींच्या किती जवळ आहे, हे जरूर पाहावं.

इंग्रज आले आणि ही शहाणीव मागे पडली. १८२०च्या दशकात पुणे भागात आर. के. प्रिंगल यानं मोठी पाहणी केली. रिकार्डोच्या खंडसिद्धांतावर आधारलेली, खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचं गणित मांडणारी. १८३०मध्ये ती लागू झाली आणि थोड्याच काळात कोसळली. खालच्या नोकरांनी भरलेली आकडेवारी खोटी होती, दर भारी होते, वसुलीसाठी छळ झाला आणि शेतकरी जमिनी टाकून शेजारच्या संस्थानांत निघून गेले. हा छळ झाल्याचं मुंबई सरकारच्याच अहवालात मान्य केलेलं आहे. ज्याला शेतकऱ्याशी बोलता आलं नाही, त्याला शेतकऱ्याचं उत्पन्नही कळलं नाही. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६मध्ये इंदापुरात नवी जमाबंदी केली, दर बरेच खाली आणले, तीस वर्षांसाठी कायम केले. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या.

पण रोख रक्कम आणि तिची ठरलेली तारीख राहिलीच. पीक बुडो वा भाव पडो, हप्ता भरायचा म्हणजे सावकाराचं दार. तीस वर्षांनी फेरआकारणीत दर वाढले आणि १२ मे १८७५ रोजी इंदापूरपासून फार दूर नसलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हंगामाआधी हात पसरू नये ही अबुल फजलची सूचना किती व्यवहारी होती, ते इथे कळतं.

त्याआधी, १८५५मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला होता. सारावसुलीसाठी तिथे काय काय चालतं, त्याची यादी त्यात आहे. बोटं दाबणारा किट्टी नावाचा चिमटा, माणसाला वाकवून बांधून ठेवणं, जेवू न देणं, आणि उन्हात उभं करणं. हिशाम बिन हकीम यांनी शाममध्ये पाहिलेली शिक्षा बाराशे वर्षांनी मद्रासेत तशीच होती. धर्म बदलला, राज्य बदललं, तरी ताब्यात सापडलेल्या देणेकऱ्याला उन्हात उभं करण्याची खुबी अंमलदार विसरला नाही.

आजचं ऊन

आज कुणी कुणाला उन्हात उभं करत नाही. १३ ऑगस्ट २०२० रोजी केंद्र सरकारनं प्राप्तिकराची चेहराविरहित तपासणी आणि करदात्यांची सनद जाहीर केली. सनदेला आयकर कायद्यात कलम ११९-अ घालून आधार देण्यात आला. करदात्याला सौजन्यानं वागवू आणि उलट कारण नसेल तर त्याला प्रामाणिक समजू, अशी हमी त्यात आहे. पाणवठ्यापाशी उतरणाऱ्या त्या जकात अंमलदाराची आठवण यावी असाच हा मजकूर. अधिकारी आणि करदाता समोरासमोर आले नाहीत की चिरीमिरीची संधी कमी होते, हेही खरं.

पण माझ्या ओळखीच्या त्या यंत्रमागवाल्याचा प्रश्न वेगळा आहे. जीएसटीची एक नोटीस त्याच्याकडे आली ती इंग्रजीत, कलमांच्या आकड्यांनी भरलेली, आणि उत्तराला मोजके दिवस. तो उर्दू शिकलेला, मराठी वाचतो. विवरणपत्रातली चूक त्याच्या मुनिमाची होती, तीही सुधारण्याजोगी. पण चूक काय आहे हे साध्या भाषेत सांगणारं समोर कुणी नव्हतं. त्यानं सीएला पैसे मोजले, आठवडाभर झोप घालवली आणि शेवटी निघालेली रक्कम सीएच्या फीपेक्षा कमी होती. अबू युसूफ यांनी ज्याबद्दल बजावलं होतं तो कागदाचा आणि शिपायाचा खर्च असाच, वेगळ्या वाटेनं, पुन्हा करदात्याच्या माथी येतो. मालेगाव-भिवंडीसारख्या गावांत असे हजारो छोटे धंदेवाले आहेत, सगळ्या जातिधर्मांचे. त्यांना करचुकवे म्हणण्याआधी त्यांना काय विचारलंय ते त्यांच्या भाषेत कळवायला हवं.

म्हणून मी सॉफ्ट स्किल्सच्या प्रशिक्षणाला हसत नाही. हिशेबतपासनिसाला ऐकता यावं, समजावता यावं, संशय आणि आरोप यांतला फरक कळावा, हे आवश्यकच आहे. काही करदाते खरोखरच लबाडी करतात आणि ती पकडायलाही प्रश्न कसा विचारायचा ते यावं लागतं. घाबरलेला माणूस आणि लबाड माणूस दोघेही एकसारखेच अडखळतात. भीती कमी झाली तरच त्यांच्यातला फरक दिसतो.

पण प्रशिक्षणासोबत उरलेल्या दोन गोष्टीही मागायला हव्यात. वरून येणारी उद्दिष्टं अशी असावीत की अधिकाऱ्याला न्यायानं रिकाम्या हाती परतता यावं. आणि वर्षअखेरीस प्रत्येक विभागातल्या दहा-वीस साध्या करदात्यांना बोलावून विचारावं की वसुली कशी झाली, कुणाला नाहक त्रास झाला का. हजरत उमरना त्यासाठी कूफ्याहून आणि बसऱ्याहून मदिन्यापर्यंत माणसं बोलवावी लागत. आपल्याकडे तर ती एका फोनवर येऊ शकतात.